घरट्यात शिरलेला हात

आई आमच्याकडे अमेरिकेत ट्रॉयला आली, त्या वर्षी एप्रिल उजाडला तरी मागच्या अंगणात बर्फाचे काळपट ढिगारे होते. ती सहा महिन्यांसाठी आली होती. आम्ही नवराबायको ऑफिसला, मुलगी शाळेत, आणि आईला ड्रायव्हिंग येत नसल्यामुळे ती दिवसभर घरात एकटी. तिच्यासाठी नव्हे, माझ्या हौसेसाठी मी अंगणातल्या खांबावर पक्ष्यांची लाकडी पेटी लावली आणि आत छोटा कॅमेरा बसवला. निळ्या पाठीच्या ब्लूबर्डचं घरटं मला पहिल्या काडीपासून शूट करायचं होतं.

पेटीत आली चिमणी. दिसायला आपलीच, पण इथले जुने लोक तिला इंग्लिश स्पॅरो म्हणतात. फार वर्षांपूर्वी कोणीतरी ती इंग्लंडहून जहाजातून आणून सोडली. मी खट्टू झालो. आई मात्र खूश होती. कॅमेऱ्याचं चित्र टॅबवर कसं बघायचं ते मी तिला शिकवलं आणि तिचे दिवस त्यात जाऊ लागले. देवासाठी वाती वळून उरलेला कापूस ती डेकच्या कठड्यावर ठेवायची. संध्याकाळी मी घरात शिरतो न शिरतो तोच सुरू व्हायची, "अरे, आज तीनदा कापूस नेला तिने. नवरा नुसता दारात बसून ओरडतो. तुझ्या वडिलांसारखा!" मुलगी हाक मारायची, "आजी, युअर शो इज ऑन!" पाचवं अंडं दिसलं त्या दिवशी आईने शिरा केला.

शेजारचे आजोबा वर्षानुवर्षं ब्लूबर्डसाठी पेट्या लावत आलेले. ते कुंपणापाशी मला म्हणाले, की या चिमण्या ब्लूबर्डला पेटीतच टोचून मारतात. घरटं काढून टाक, कायद्याचीही आडकाठी नाही. ते खरं तेच सांगत होते. त्यांना मी आजही दोष देत नाही.

एका शनिवारी, पन्नाशीला टेकलेला मी, आई अंघोळीला जायची वाट बघत बसलो. ती गेल्यावर पेटीचं दार उघडून घरटं बाहेर काढलं. हाताला ते ऊबदार लागलं. गवत, पिसं आणि मधोमध आईचा कापूस, त्यावर पाच अंडी. पिशवीला गाठ मारून सगळं कचऱ्यात टाकलं.

जेवताना म्हणालो, "पेटी रिकामी दिसतेय. रॅकून आला असावा. अंडी पळवतो तो प्राणी."

आई भात वाढत होती.

तीन दिवसांनी कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने विचारलं, "रॅकून हातात घड्याळ घालतो का रे?"

पेटीत हालचाल झाली की कॅमेरा आपोआप रेकॉर्ड करायचा. तो तसा मीच सेट केला होता. जुन्या क्लिप कशा बघायच्या, तेही तिला मीच शिकवलं होतं.

"आई, ती ब्लूबर्डला मारते, म्हणून..."

"मारत असेल. मला कुठे कळतंय त्यातलं? विचारलं असतंस, तर मी नको म्हटलं असतं. तेवढंच ऐकावं लागलं असतं तुला."

आणि माझे शर्ट माझ्या हातात देऊन ती उठली.

चिमणी आणखी दोन-तीन दिवस चोचीत गवत घेऊन येत राहिली. आईने टॅब मुलीच्या टेबलावर नेऊन ठेवला. मे महिन्यात ब्लूबर्ड आले, त्यांना चार पिल्लं झाली. मी आजवर शूट केलेला सगळ्यात सुंदर व्हिडिओ तोच. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर खूप कौतुक झालं. आईला मुद्दाम बोलावून दाखवला. "छान आहे," म्हणाली आणि पोळ्या करायला गेली.

ती परत गेल्यावर वर्षभरात तिची तब्येत ढासळली. डिसेंबरमध्ये येतो, असं मी कबूल केलं होतं. पण व्हिसाचं काम अडकलं; देशाबाहेर पडलो असतो तर परत येता आलं नसतं. फोनवर तिला सगळं समजावलं. वकिलाची ईमेलसुद्धा मराठीत करून वाचून दाखवली. मध्येच ती म्हणाली, "पुरे रे. मी काही म्हणतेय का?"

फेब्रुवारीत ती गेली. व्हिसाबद्दल मी सांगितलं त्यातला शब्द न् शब्द खरा होता. तिला तो खरा वाटला का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.