दोन चमचे डांगर : नंदुरबार ते बडोदे

वहिनीने ताट पुन्हा बाजूला सारलं, तेव्हा आई मला म्हणाली, “जाय रे नितीन, बडोदाले जाय. शिकीसन ये.”

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको, मधुरा. तिला चौथा महिना लागला होता आणि पोटात काहीच ठरत नव्हतं. वरण, खिचडी, भगर, नारळपाणी, सगळं उलटून पडायचं. एकदा सलाईन लावून झालं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “जे मागेल ते द्या, पण पोटात राहू द्या. वजन असंच उतरत गेलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल.” आणि वहिनी मागत होती एकच गोष्ट, माहेरची आंबटगोड भोपळ्याची भाजी.

दादा ट्रकवर असतो, महिन्यातले पंधरा दिवस बाहेर. आईला भाजीत गूळ घालणं म्हणजे भाजीचा अपमान वाटतो. उरलो मी. मी लग्नपत्रिका छापण्याच्या दुकानात मजकूर तपासतो. शाळा दहावीत सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की अजून छातीत धडधडतं. लिहून घेतलेलं काम माझ्याकडून चुकणार नाही, असा घरात सगळ्यांचा समज. म्हणून वहिनीच्या आईला, सुलभाकाकूंना, बडोद्याला फोन मीच लावला होता.

“लाल भोपळा घ्या, सालीसकट. मेथीचे दाणे, चिंच, गूळ, गोडा मसाला,” काकू म्हणाल्या. “आणि डांगर आहे ना घरात?”

“आहे ना काकू. भरपूर आहे.”

“मग झालं ने! शेवटी दोन चमचे डांगर लावायचं. त्याशिवाय ती चव नाही.”

आता आमच्या खानदेशात लाल भोपळ्यालाच डांगर म्हणतात. मी कागदावर ‘डांगर’ लिहिलं, अनुस्वारासकट, आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. भोपळ्याच्या भाजीत पुन्हा दोन चमचे भोपळा कशाला? पण वहिनीच्या आईला असं उलट कसं विचारायचं? आणि वहिनीसमोर स्वयंपाकाचं नाव काढलं तरी तिला मळमळायचं. शेवटी मीच ठरवलं की रस दाट व्हायला कच्चं डांगर किसून घालत असतील. दोन चमचे, काठोकाठ सपाट करून घातले.

दोनदा केली. दोन्ही वेळा वहिनी एक घास खाऊन म्हणाली, “छान झालीय भाऊजी,” आणि उठून मोरीकडे गेली.

काकूंना इकडे येता येत नव्हतं. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, दर दोन तासांनी डोळ्यांत थेंब. म्हणून मी मालकांकडून चार दिवसांची सुट्टी घेतली.

पहिला दिवस : नंदुरबार, सुरत, बडोदे

नंदुरबारहून बडोद्याला थेट जाणाऱ्या गाड्या आहेत, पण त्यांत ऐनवेळी जागा मिळत नाही. मी पहाटेच्या गाडीने सुरतला गेलो आणि तिथे गाडी बदलली. हाच मार्ग तुम्हालाही सुचवीन. जानेवारीत जाणार असाल तर स्वेटर हाताशी ठेवा. खिडकीची काच पूर्ण बंद होईलच असं नाही. माझ्याजवळ एक पिशवी होती. तीत कपड्यांचा एक जोड, काकूंसाठी नंदुरबारच्या सुक्या मिरच्या आणि कृतीचा कागद. तिकीट खिशात आहे ना, हे मी नवापूरपर्यंत किती वेळा पाहिलं ते सांगत नाही.

नवापूरला मात्र खाली उतरून बघा. राज्याची हद्द स्टेशनातूनच जाते. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. मी चहा महाराष्ट्रात घेतला आणि चार पावलं चालून गुजरातेत संपवला.

सुरतला फलाटांची संख्या पाहूनच मी गांगरलो. एका वयस्कर बाईंना विचारलं तर त्या सांगून थांबल्या नाहीत. हातातलं ओझं तसंच घेऊन जिना चढल्या, मला पुलावरून योग्य फलाट दाखवला आणि मग आपल्या वाटेने परत उतरल्या. त्यांचं नावही विचारायचं राहिलं. या प्रवासात मला अशी माणसं भेटत गेली, म्हणून हे लिहायला बसलोय.

पुढचे दोन-अडीच तास सोपे. भरूचला खारी शिंग, म्हणजे खारे शेंगदाणे घ्या, डब्यातच विकायला येते. त्याच्या जरा आधी नर्मदेच्या पुलावर अख्खा डबा खिडकीकडे वळतो आणि हात जोडतो. मीही जोडले.

बडोद्याच्या स्टेशनवरून निजामपुरा जवळ आहे, रिक्षाने दहा-पंधरा मिनिटं. भाडं आधी ठरवा. काकूंचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि गॅलरी. काकांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते, काका स्वतः गोरव्याच्या एका कारखान्यात लेथवर होते आणि आता निवृत्त. काळा चष्मा लावून खाटेवर बसले होते.

“या नितीनराव,” काकू म्हणाल्या. “बसा. दमलात?”

मला कोणी राव म्हणत नाही. मी खुर्चीच्या टोकावरच बसलो.

“भाजी शिकायला एवढ्या लांब आलेला जगातला पहिला माणूस,” काका म्हणाले. “मला ऑपरेशनमुळे दिसत नाही म्हणून, नाहीतर फोटो काढला असता.”

चहा झाला. मग काकूंनी सहज विचारलं, “मधुरा आता बरी जेवते ने? परवाच म्हणाली, आई, दोन-दोन भाकरी खाते.”

मला खोटं वेळेवर सुचत नाही. मी म्हणालो, “काकू, दोन घाससुद्धा नाही. सलाईन लावावं लागलं. गाल बसलेत तिचे.”

काकूंच्या हातातली बशी तशीच राहिली. ती घेऊनच त्या आत गेल्या. मला वाटलं, उठावं आणि पुढची गाडी पकडून घरी जावं.

काका हळूच म्हणाले, “बोललात ते बरं केलंत. पोरगी आम्हाला घोर नको म्हणून लपवते. आईवर गेलीय.”

रात्रीच्या जेवणात भाखरी, कढी आणि वांग्याचं शाक होतं. इथल्या मराठी घरांत भाजीला सहज शाक म्हणतात. काकूंनी मला तीनदा वाढलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसरा दिवस : बाजार आणि कढई

सकाळी काकांनी मला कोपऱ्यावर सेव-उसळ खायला पाठवलं. बडोद्याला आलात तर हा नाश्ता चुकवू नका. वाटाण्याची उसळ, वर मूठभर शेव, कांदा, पाव आणि तिखट तरी वेगळ्या वाटीत. आम्हा खानदेशी माणसांना ती तरी बेताचीच वाटते, पण दुकानदार पुन्हा पुन्हा ओतून देतो आणि त्याचे पैसे धरत नाही.

थेंबांची वेळ असल्यामुळे काकूंनी भाजी आणायला मलाच सांगितलं. “पादऱ्याहून एक बाई येते, शांताबेन. तिच्याकडूनच घ्या.”

शांताबेन टोपल्यांच्या मधोमध बसल्या होत्या. समोर लाल भोपळ्याच्या मोठमोठ्या फाका. घाईत माझ्या तोंडून घरचाच शब्द गेला. “बेन, एक किलो डांगर द्या.”

“शुं?”

“डांगर.”

त्या शेजारणीकडे वळल्या. “जो, जो, आ भाई शाकवाळी पासे डांगर मागे छे!” दोघी हसायला लागल्या. मग मला समजावलं, “भाई, डांगर तो खेतरमां पाके. एमांथी चोखा नीकळे, चोखा! आने तो कोळुं कहेवाय.”

कोळुं म्हणजे आपला भोपळा आणि चोखा म्हणजे तांदूळ. म्हणजे गुजरातीत डांगर म्हणजे भात, शेतातलं साळीचं पीक! मी तिथेच उभा राहिलो. कागदावरच्या प्रश्नचिन्हाचं उत्तर मला भर बाजारात मिळालं होतं. काकू बडोद्याच्या, त्यांनी दोन चमचे तांदळाचं पीठच सांगितलं असणार! शांताबेननी वर मूठभर कोथिंबीर फुकट टाकली. मी जवळजवळ पळत घरी आलो.

“काकू, समजलं! डांगर म्हणजे भात! मी दोन्ही वेळा भोपळा किसून घातला हो.”

काकूंनी डोळे मोठे केले. “भोपळा? डांगर म्हणून?”

“आमच्याकडे भोपळ्यालाच डांगर म्हणतात.”

“आणि मी फोनवर विचारलं, घरात डांगर आहे ना...”

“मी म्हटलं, भरपूर आहे. तीन होती, काकू. माळ्यावर.”

काकू ओट्याला टेकून हसायला लागल्या. पदर तोंडाला लावला तरी हसू थांबेना. बाहेरून काका ओरडले, “अगं काय झालं? डोळे माझे गेलेत, कान नाही!”

“अहो, भोपळ्याला भोपळा लावला यांनी!” मग डोळे पुसत त्या माझ्याकडे वळल्या. “अरे वेड्या, भातही नाही रे. उडदाचं डांगर! उडदाची डाळ भाजून, जिरं-मिरं-हिंग घालून दळलेलं पीठ. ताकात कालवून खातो ना आपण?”

आमच्या घरात ते कधी नव्हतं. तीन घरं, तीन डांगरं. आणि माझ्या कागदावर शब्द अगदी शुद्ध लिहिलेला होता. आणि हो, ‘नितीनराव’ त्या हसण्यात कुठेतरी गळून पडलं. त्यानंतर मी नुसता नितीन होतो आणि खुर्चीत मागे टेकून बसू शकत होतो.

मग काकूंनी शिकवायला घेतलं. ज्यांना करायची असेल त्यांच्यासाठी इथे लिहितो.

भोपळ्याच्या मोठ्या फोडी करा, साल ठेवा, नाहीतर लगदा होतो. तेलात मोहरी, मग मेथीचे दाणे, हिंग, दोन सुक्या मिरच्या. मेथी तांबूस झाली की लगेच फोडी टाका. मी वही काढून ‘तांबूस म्हणजे किती सेकंद’ विचारत होतो, तेवढ्यात खाटेवरून काका म्हणाले, “करपली.” खरंच करपली होती. पुन्हा फोडणी केली.

फोडींवर झाकण, झाकणावर पाणी, आणि मंद आच. ढवळायचं नाही, कढई नुसती हलवायची. भोपळा पुरता शिजल्याशिवाय चिंच घालायची नाही. माझी दुसरी चूक इथे कळली. मी चिंचेचा कोळ आधीच घालत होतो, त्यामुळे फोडी दडदडीत राहायच्या.

“आंबट आधी पडलं की भोपळा आखडतो,” काकू म्हणाल्या. “माणसासारखाच.”

मग चिंच, तिच्या दुपटीहून थोडा कमी गूळ, मीठ, चिमूटभर गोडा मसाला. सगळ्यात शेवटी दोन चमचे डांगर पाण्यात कालवून सोडायचं आणि एक उकळी. पातळ रस बघता बघता फोडींना धरून बसला. उडदाचा खमंग वास वर आला. पहिल्या घासाला गोड, मग आंबट, आणि गिळताना मागून मिऱ्याचा झटका. आयुष्यभर तिखट खाल्लेल्या माझ्या जिभेला हे नवीन होतं. मी दोनदा मागून घेतली.

दुपारी काकूंनी डब्यातलं डांगर बाजूला ठेवलं. “हे दिवाळीतलं आहे. तिला ताजं देते.” डाळ भाजताना त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “मला राग तुझा नव्हता आला, हं. तू बोलला नसतास तर मी इथे निवांत झोपले असते, आणि ती तिकडे उपाशी.” पीठ चाळलं, डबा भरला, झाकणावर फडकं बांधलं. मग म्हणाल्या, “मी तर येऊ शकत नाही. तू माझ्या जागी उभा राहा तिथे.”

संध्याकाळी काकांच्या आग्रहाने सुरसागर तलाव पाहून आलो. पाण्यात महादेवाची उंच मूर्ती आहे, काठावर बसायला जागा आहे आणि गर्दीही आहे. जरूर बघा. पण खरं सांगायचं तर मी पाण्याकडे बघत मनातल्या मनात कृती पाठ करत होतो.

तिसरा दिवस : परत, आणि घर

परतीच्या गाडीत डबा मांडीवरच ठेवला. व्याऱ्याला एकाने विचारलं, “काय आहे, पेढे?” मी म्हटलं, “डांगर.” तो गुजराती असावा. म्हणाला, “डब्यात भात?” सगळं समजावून सांगेपर्यंत नवापूर आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाजी केली. वास लागू नये म्हणून वहिनी गॅलरीत बसली होती. मेथी करपली नाही, चिंच भोपळा शिजल्यावरच घातली, शेवटी दोन चमचे डांगर. ताट पुढे ठेवलं.

वहिनीने एक घास घेतला. थांबली.

“आईसारखी नाही झाली, भाऊजी,” ती म्हणाली. “गूळ जास्त पडलाय. आणि आई फोडी एवढ्या मोठ्या नाही करत.”

मी मान खाली घातली. वर पाहिलं तर तिने भाकरीचा दुसरा तुकडा मोडला होता. मग तिसरा. वाटीचा तळ बोटाने पुसून तिने वाटी पुढे केली आणि आईने ती भरली.

ती भाकरी संपवेपर्यंत मी बडोद्याचा हिशोब मनात मांडत होतो. तीन दिवसांत शहर असं मी फार थोडं पाहिलं. पण सुरतचा तो जिना, शांताबेनची कोथिंबीर, काकांचं ‘करपली’ आणि काकूंनी रडायच्या ठिकाणी केलेलं ते हसणं, एवढं घेऊन आलो. या सगळ्यांचे उपकार मानतो. एक सवयही घेऊन आलो. दुकानात आता एखादा शब्द शुद्ध दिसला तरी पत्रिका देणाऱ्याला विचारतो, “तुमच्याकडे याचा अर्थ काय?” लोक हसतात. हसू देत.

जेवण झालं. वहिनी उठली आणि मोरीकडे गेली. आई आणि मी जागचे हललो नाही. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला. वहिनी पदराला हात पुसत बाहेर आली.

“असं काय बघताय?” ती म्हणाली. “हात धुतले. संध्याकाळसाठी ठेवा हं थोडी.”

भाजीत गूळ न चालणारी माझी आई म्हणाली, “आख्खी कढई तुनीच शे वं, माय.”