गिटारीच्या माथ्यावरचं नाव

खोब्रागड्यांच्या घरात बिननावाची एक वस्तू शोधून दाखवा म्हटलं तर माणूस थकून जाईल. ताट, गडवा, घमेलं, कुऱ्हाडीचा दांडा, प्लास्टिकच्या खुर्च्या, एवढंच काय, भिंतीवरच्या घड्याळाच्या पाठीवरसुद्धा 'लहानू खोब्रागडे' लिहिलेलं. गावातले लोक थट्टा करत, की लहानूभाऊनं बकरी पाळली तर तिच्या शिंगावरही नाव टाकून आणेल. लहानूबाबा हसून सोडून देत. या खोडीमागं काय होतं ते त्यांच्या मुलाला, अश्वजितला, चांगलं ठाऊक होतं.

लहानूबाबांचा बाप गोंडपिपरीकडच्या एका मालकाकडे सालगडी होता. मालकाच्या घरची जुनी झालेली एक पितळी थाळी त्यांच्या घरी आली होती, आणि तिच्या मधोमध मालकाच्या मेलेल्या बापाचं नाव कोरलेलं होतं. भात भरपूर असला की नाव झाकलेलं राही. पण भरपूर भात त्या घरात कोणत्या दिवशी असे? चार घास झाले की खालून नाव वर येई, आणि लहानगा लहानू ते बोटानं झाकून उरलेलं जेवण संपवी. पुढं तो रस्त्याच्या कामाला लागला. पहिली मजुरी हातात आली तेव्हा त्यानं कपडा घेतला नाही, चप्पल घेतली नाही. एक स्टीलचं ताट घेतलं आणि त्यावर आपलं नाव टाकून आणलं. त्या दिवसापासून घरात नियमच झाला, दुसऱ्याच्या नावाची चीज आपल्या घरात नको.

अश्वजित चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरात, वीज केंद्राच्या क्वार्टरांमध्ये कंत्राटी वायरमन. कोणाचा पंखा बंद, कोणाचा गिझर जळाला, की सायकलला पिशवी अडकवून हा हजर. बायको रिना शिवणकाम करायची. ऊर्जानगरला लागूनच भाड्याच्या दोन खोल्या होत्या. एवढं सगळं चारचौघांसारखं. पण हा माणूस कुलदीपभाऊच्या भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवायचा, आणि तिथं मात्र तो चारचौघांसारखा नव्हता. जयंतीच्या दिवसांत चंद्रपूरपासून एटापल्लीपर्यंत पार्टीला सुपाऱ्या असत. गायकाचं कडवं संपलं की मधल्या जागेत अश्वजितची गिटार यायची, आणि खुर्च्यांवरची म्हातारी माणसं बोलणं थांबवायची.

ते त्यानं कुठून उचललं होतं? मोबाईलवरून. रे हॅलिडन नावाचा एक परदेशी वादक त्याला तिथं सापडला होता. हा हॅलिडन तार अशी ओढायचा की शेवटचा सूर रडू आवरणाऱ्या माणसासारखा थरथरत राहायचा. अश्वजितला इंग्रजी कळत नव्हतं, पण ते रडणं कळलं. त्यानं तेच आपल्या स्वस्तातल्या काळ्या गिटारीवर घोटलं आणि भीमगीतात आणलं. आणि मग त्याला वेड लागलं ते हॅलिडनच्या सिग्नेचर मॉडेलचं. म्हणजे कंपनीनं त्या वादकाच्या हाताला, कानाला हवी तशी बनवलेली गिटार. माथ्यावर, जिथं तारा पिळायच्या खुंट्या असतात तिथं, चंदेरी अक्षरांत त्याची सही. हॅलिडन वारला, कंपनीनं ते मॉडेल बंद केलं, आणि नागपूरच्या एका दुकानात एक नग उरला आहे असं अश्वजितला कळलं.

पाच हंगामांच्या सुपाऱ्यांचे पैसे त्यानं त्या एका वस्तूपायी बाजूला ठेवले. लोकांनी वेड्यात काढलं. रिनानं नाही काढलं. तिनं एवढंच म्हटलं, की तुमचा जीव त्यात आहे तर आणा एकदाची, मग निदान जेवताना तरी घरात बसाल. गिटार आली तेव्हा तिनंच आपल्या मशीनवर जाड कापडाची पिशवी शिवली, आत जुन्या गोधडीचं अस्तर लावून. गर्द लाल रंगाची गिटार. अश्वजितनं पहिल्या दिवशी ती वाजवलीच नाही, नुसती मांडीवर घेऊन बसला.

बाबा गावीच राहत, तिथल्या विहारासमोर ती पहिल्यांदा वाजली. कार्यक्रम झाल्यावर लहानूबाबांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली आणि सहीवर बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलं आहे. अश्वजितनं सगळं समजावून सांगितलं. बाबांनी सहीवर अंगठा घासून पाहिला. मग म्हणाले, "घेतली तू, वाजवतो तू, अन् नाव त्याचं काऊन?"

अश्वजित हसला. सही आहे म्हणून तर ही गिटार आहे, असं म्हणाला आणि पिशवीची चेन लावली. तिथंच नीट बसून बोलला असता तर! पण हसण्यावारी नेलं, आणि ते त्याला आयुष्यभर पुरणार होतं.

नोव्हेंबरात धान निघालं. अश्वजित चार दिवसांसाठी गावी गेला, आणि शेजारच्या गावात पार्टीचा कार्यक्रम होता म्हणून गिटारही सोबत नेली. तिसऱ्या दिवशी धान मळायच्या मशीनचा पट्टा घसरला. तो सारखा करताना त्याचा डावा हात आत ओढला गेला. मधली दोन बोटं गेली, करंगळी वाकडी होऊन बसली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं राहिलं. डावा हात म्हणजे गिटार वाजवणाऱ्याचा सूर दाबायचा हात, हे काय सांगायचं! चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की हात वाचला, नशीब समजा. अश्वजितनं मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

तिथं लहानूबाबा एक दिवसाआड एसटीनं यायचे. उशाशी बसून पोराच्या बांधलेल्या हाताकडे बघत राहायचे. एकदा म्हणाले, "तुह्या गिटारीचं एक काम करून ठेवलं मी. बरा होऊन ये, मंग पाह्य." अश्वजितला वाटलं धूळ पुसली असेल. गिटारीचं नावही त्याला नको होतं, म्हणून त्यानं पुढं विचारलं नाही.

दवाखान्यातून तो ऊर्जानगरला आला. गिटार गावीच राहिली. त्यानं मोबाईलवर हॅलिडनला ऐकणंही बंद केलं. वायरमनचं काम दोन बोटांनी कसंबसं जमायचं, स्क्रू निसटायचा, बाया म्हणायच्या, राहू द्या भाऊ, दुसऱ्या कोणाला बोलावतो. त्याचं त्याला फार वाटत नव्हतं. संध्याकाळी शेजारच्या विहारात पार्टीची तालीम चालायची आणि खोलीत ऐकू यायची, ते सहन होत नव्हतं. रिना खिडकी लावून घ्यायची. बंद खिडकीतूनही यायचंच.

जानेवारीत कुलदीपभाऊ घरी आला. पार्टीचा ऑक्टोपॅडवाला पुण्याला नोकरीला चालला होता. ऑक्टोपॅड म्हणजे काठ्यांनी बडवायचं इलेक्ट्रिक वाद्य, ढोलकीपासून ताशापर्यंत सगळे आवाज त्यातून निघतात. कुलदीप म्हणाला, तुझा ताल पक्का आहे, काठी धरायला अंगठा आणि एक बोट पुरतं. पण ऑक्टोपॅडवाला आपलं वाद्य घेऊन चालला आहे, पार्टीकडे दुसरं नाही. तुझं स्वतःचं असेल तर जागा तुझी. मार्चच्या आत सांग, नाही तर जयंतीसाठी मला दुसरा बघावा लागेल.

दोन महिन्यांत पहिल्यांदा अश्वजित त्या दिवशी पोटभर जेवला. दोन चमचे घेऊन ताटाच्या कडेवर वाजवून पाहिलं. डावा चमचा घसरला, पण तिसऱ्या वेळी टिकला. रिना दारात उभी राहून बघत होती, ती आत जाऊन रडली.

ऑक्टोपॅड घ्यायचा तर विकायला घरात एकच वस्तू होती. अश्वजितनं मन घट्ट केलं. मोबाईलमधले जुने फोटो विक्रीसाठी नेटवर टाकले, आणि आठवड्यात नागपूरहून प्रणित नावाच्या माणसाचा फोन आला. तो हॅलिडनच्या गिटारी जमवायचा. फोटोतल्या सहीकडेच त्याचं लक्ष होतं, ती शाबूत आहे का हे त्यानं दोनदा विचारलं. अश्वजित म्हणाला, एक ओरखडा नाही. मग त्यानं गावी फोन केला आणि बाबांना गिटार घेऊन यायला सांगितलं. कशासाठी ते सांगायचा धीर त्याला झाला नाही. बाबांना वाटलं, पोराला वाजवावंसं वाटून राह्यलं. ते मिळाली त्या पहिल्या एसटीनं निघाले, पिशवी मांडीवर घेऊन, स्वच्छ सदरा घालून.

रविवारी दुपारी प्रणित आला. बाबा नुकतेच पोचले होते आणि चहा घेत होते. अश्वजितनं पिशवी स्वतः उघडली नाही, त्याच्यानं होईना. प्रणितनं चेन सरकवली आणि गिटार बाहेर काढली.

माथ्यावर सही नव्हती. ती जागा पॉलिश पेपरनं घासून पांढुरकी केली होती, आणि तिच्यावर भांड्यांवर असतं तसं टिंबाटिंबांनी खोदलं होतं: 'अश्वजित लहानू खोब्रागडे'. खाली तारीख. तारीख अपघाताच्या आठव्या दिवसाची होती.

 आधी बोलले ते बाबाच, आणि किती आनंदानं! गोंडपिपरीच्या बाजारात भांड्यांवर नावं टाकणाऱ्या इस्तारीकडून करून घेतलं, असं ते त्या पाहुण्याला सांगू लागले. इस्तारी लाकडावर मशीन चालवायला तयार नव्हता, त्याच्यापुढं दोन तास बसून राहिलो. अक्षर कसं एका ओळीत आलं आहे बघा. पोरगा दवाखान्यात पडला होता, त्याच्यासाठी मी दुसरं काय करू शकत होतो, आपली वस्तू तरी आपल्या नावाची करून ठेवली.

प्रणित वाईट माणूस नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्यावर चिडता आलं असतं. त्यानं बाबांचं सगळं ऐकून घेतलं, गिटार मांडीवर घेतली आणि थोडी वाजवली. सूर तोच होता. अश्वजितचा डावा हात आपोआप हलला, नसलेल्या बोटांनी तार दाबायला गेला, आणि त्यानं तो मांडीखाली दाबून धरला. मग प्रणितनं गिटार हळूच पिशवीत ठेवली आणि अश्वजितला बाहेर नेऊन सांगितलं, की मी सहीसाठीच आलो होतो, ही आता मला नाही घेता येणार. दुसरं कोणी घेतलं तरी साध्या जुन्या गिटारीचा भाव देईल, आणि कोरलेलं नाव बघून तेवढाही देईल की नाही कोण जाणे. त्यानं खांद्यावर हात ठेवला आणि गाडीला किक मारली.

अश्वजित परत आत आला तेव्हा त्याच्या डोक्यात रक्त चढलं होतं. बाबा, तुम्ही मला जिवंत गाडलं, हे शब्द त्याच्या जिभेवर तयार होते. पण बाबा उठून उभे राहिले होते. रिनानं त्यांना ऑक्टोपॅडचं सांगून टाकलं होतं. हातातला चहाचा कप कुठं ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं.

"इस्तारीले सांगून ती सही पयल्यासारखी नाई काढता येत का?" त्यांनी विचारलं.

"नाई, बाबा."

"मले कोणी सांगतलं नाई गा."

सांगितलं होतं. हसत हसत सांगितलं होतं, हे अश्वजितला आठवलं, आणि जिभेवरचे शब्द त्यानं गिळले.

तो तसाच कुलदीपकडे गेला. मार्चपर्यंत वाट बघण्यात अर्थ नव्हता, खोटी आशा कोणाला द्यायची नव्हती. दुसरा बघ म्हणून सांगितलं. कुलदीपनं हातातली वही बंद केली, जय भीम घातला आणि दारापर्यंत सोडायला आला. वाटेत अश्वजित कॉलनीच्या पुलियावर बसला. वीज केंद्राच्या बसेस सुटीच्या दिवशीही कामगारांना घेऊन जात होत्या. आपण आता कोण, हा प्रश्न त्याला पहिल्यांदा पडला. वायरमन धड नाही, वाजवणारा नाही. मरावंसं वाटलं असंही नाही. नुसतं उठून घरी जावंसं वाटेना.

उन्हं कलताना तो घरी आला. बाबा दाराच्या पायरीवर बसले होते. मांडीवर गिटार आडवी घेतली होती, अश्वजितच्याच कामाच्या पिशवीतला पॉलिश पेपर बोटांना गुंडाळला होता, आणि ते घासत होते. तारीख गेली होती. 'खोब्रागडे' जवळजवळ गेलं होतं. स्वच्छ सदऱ्यावर लाकडाचा भुगा पडला होता. उभ्या जन्मात ज्या माणसानं घमेल्यावरसुद्धा नाव टाकलं, तो पोराचं नाव पुसत होता. रिना आतल्या बाजूला उभी होती, तिनं अश्वजितला मानेनं खूण केली, की मी सांगून थकले.

अश्वजित सांगणार होता, की याचा काही उपयोग नाही, कुलदीपला नाही म्हणून आलो. तेवढ्यात बाबांनी मान वर केली.

"कोणाचंच नाव नसलं, तं घेईन ना कोणी?" ते म्हणाले.

गिटार बाबांच्या मांडीवरून सारखी घसरत होती. अश्वजित त्यांच्या शेजारी पायरीवर बसला. डाव्या हाताच्या उरलेल्या अंगठ्यानं आणि बोटानं त्यानं गिटारीची मान धरली, घासताना ती हलू नये म्हणून.