वाघिणीची कुजबुज

टीव्हीवरची वाघीण रोज संध्याकाळी साडेसातला डरकाळी फोडते. सासऱ्याला सुनावते, गुंडाच्या हातातली काठी काढून घेते, मुलीची शाळा बंद करायला निघालेल्या बापाला उंबऱ्यावरूनच परत पाठवते. महिला मंडळं तिला शाली देतात आणि भाषणांतून तिला 'स्त्रीशक्तीचं प्रतीक' म्हणतात. यातली प्रत्येक डरकाळी आधी एका शेहेचाळीस वर्षांच्या बाईच्या तोंडून, फोन नंबर सांगावा तशा आवाजात निघालेली असते, हे मात्र कुणाला ठाऊक नसतं. ठाऊक नसावं, यासाठीच त्या बाईला पगार मिळतो.

ही बाई त्या मालिकेची प्रॉम्प्टर. वाघिणीचं काम करणारी नटी दिवसाला वीस पानं बोलते. ती पाठ कोण करणार? म्हणून कॅमेऱ्याच्या उजव्या अंगाला खांबाआड उभं राहून ही एकेक ओळ सांगते, नटी ती उचलते, आणि हिचा आवाज नंतर कापून टाकतात. धंद्याचा नियम एकच: ओळीत भाव घालायचा नाही. शब्द आपले, भाव नटीचा. सेटवर सगळे तिला कुजबुजताई म्हणत. "चौदा वर्षं घराघरांत बोलतेय मी," ती सांगे, "फक्त ऐकू येत नाही एवढंच."

घरीही येत नसे.

तर झालं असं, की सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांचं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. दुसऱ्याच दिवशी वन्सं आल्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका आणि महिला मंडळाच्या अध्यक्ष. वाघिणीला पहिली शाल त्यांच्याच हातची. त्यांनी आईचा हात बघितला, घर बघितलं आणि निकाल दिला: आता सुनेनं घरी राहावं. राजीनाम्याचा मजकूरही त्यांनीच सांगितला. कुजबुजताईनं तो लिहून घेतला, वर त्यातल्या 'कौटुंबिक'मधली एक वेलांटी त्यांच्याकडून दुरुस्त करून घेतली.

"शनिवारी येते. तोवर विचार कर, आणि मग सही कर," वन्सं कागद पिशवीत ठेवत म्हणाल्या. विचार कुठलाही केला तरी सही एकच होती.

"तू बोलत का नाहीस त्यांना?" सेटवरच्या हेअरड्रेसरनं डबा खाताना विचारलं.

"बोलते की. मनात. मनात मी त्यांना आत्तापर्यंत तीनदा घराबाहेर काढलंय."

"आणि तोंडानं?"

"तोंडानं चहा विचारला."

"सोडायचीय का तुला नोकरी?"

"छे गं. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, कुणी नाव घेत नाही, वर डास. पण ती बया माझ्याशिवाय एक वाक्य पुरं करू शकत नाही. घरी मला न विचारता सगळ्यांची वाक्यं पुरी होतात."

मंगळवारी मोठा प्रसंग होता. वाघीण झुपकेदार मिशांच्या सासऱ्यासमोर उभी. ओळ होती, 'बाबा, मी हे घर सोडणार नाही.' कुजबुजताईच्या हातात पान होतं, डोक्यात शनिवार होता. दोन दिवस मनातल्या मनात घोकत असलेलं वाक्य चपला घालून तयारच बसलेलं. तिनं नेहमीच्या सपाट आवाजात ओळ दिली: "वन्सं, मी नोकरी सोडणार नाही."

नटीनं ती झेलली. डोळे लाल, मान ताठ, आवाजात वीज. "वन्सं! मी नोकरी सोडणार नाही!"

मिशीवाल्या सासऱ्यानं मागे वळून पाहिलं, कोण वन्सं ते बघायला. मागे भिंत होती.

"कट," दिग्दर्शक म्हणाला. "वाघिणीला नणंद आहे?"

"नाही," सहाय्यक म्हणाली. "नोकरीपण नाही."

कुजबुजताई खांबाआड जेवढी मावत होती त्याहून जरा जास्त मावायचा प्रयत्न करू लागली. आता वन्संची गरजच नाही, नारळ इथूनच मिळेल, असं तिला वाटलं. दिग्दर्शकानं शॉट पुन्हा लावून पाहिला. वाघिणीची नजर ओळीसाठी खांबाकडे गेली होती, म्हणजे दाराच्या रोखानं. "मस्त झालाय," तो म्हणाला. "लेखकाला फोन लावा. दारात एक नणंद उभी करा." लेखकानं थोडी कुरकुर केली आणि चहा संपायच्या आत परदेशातून नणंद आणली, वाघिणीला बँकेत चिकटवलं.

शनिवारी वन्सं साडेसातच्या ठोक्याला आल्या. सगळे टीव्हीसमोर बसले. वाघीण गरजली. वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं.

"याला म्हणतात बाणेदारपणा. पुढच्या मेळाव्याला हिलाच बोलवायचं." जाहिराती लागल्या. त्यांनी पिशवीतून कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं. "हं. सही कर."

कुजबुजताईनं कागदाकडे पाहिलं. आपण बोलायला लागलो की मागे संगीत वाजेल, निदान पंखा तरी जोरात फिरेल, अशी काहीतरी तिची कल्पना होती. पंखा बंद होता.

"वन्सं, मी नोकरी सोडणार नाही."

"हो गं, ऐकलं की आत्ता. छान म्हणाली ती. इथं कर सही, खाली."

नवऱ्याच्या हातातला पेपर हलला नाही, पण पान उलटायचं थांबलं.

"ती नव्हे, वन्सं. मी. माझी नोकरी मी सोडणार नाही."

वन्संनी चष्म्यावरून पाहिलं. वर्गात शेवटच्या बाकावरून अनपेक्षित उत्तर आलं की पाहत असाव्यात तसं. "मालिकेचं वारं लागलंय तुला."

वारं कुठून कुठं वाहतं ते सांगायला कुजबुजताईनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुरावा कापून टाकलेला होता.

"मग आईकडे कोण बघणार?"

"माझ्याकडे काय बघायचंय?" सासूबाई प्लास्टरचा हात सावरत म्हणाल्या. "मी टीव्हीकडे बघते, तुम्ही आपापलं बघा. दुपारच्याला तू येऊन बसत जा हवं तर, तुलाही काही काम नसतं. आता गप्प बसा, जाहिराती संपल्या."

वन्संनी मालिका शेवटपर्यंत पाहिली, कागदाची चार घड्या करून पिशवीत टाकला आणि 'येते' न म्हणता गेल्या. नवऱ्यानं पेपरचं पान उलटलं. "उद्या डबा मी भरतो तुझा," तो म्हणाला. उद्या रविवार होता.

सोमवारी कुजबुजताई पावणेआठला सेटवर पोचली. गेल्या गेल्या पानं हातात पडली. बँकेचा सेट उभारायला जागा नव्हती, आणि दारातली नणंद मात्र प्रेक्षकांना फार आवडली होती. लेखकानं एका दगडात दोन पक्षी मारले होते.

कॅमेरा सुरू झाला. वाघिणीनं नणंदेचे हात हातात घेतले आणि नजर खांबाकडे टाकली.

कुजबुजताईनं ओळ एकदा वाचली, पुन्हा वाचली. मग घसा साफ करून, तिळाएवढाही भाव न घालता तिनं ती दिली: "वन्सं, तुमच्यासाठी मी नोकरी सोडते."

वाघीण फार सुंदर रडली. कुजबुजताईनं पान उलटलं.