रंगवलेला ट्रॅक्टर आणि सावडीचा मंगळवार

मंगळवार, जुलैचा तिसरा आठवडा, सकाळी सात. हजर: मी, माझे धाकटे दीर, चुलतसासू. दहा वाजता येणार: सावडीच्या अकरा बायका. ट्रॅक्टर: भरवशाचा नाही.

माझ्या वहीत त्या दिवसाची सुरुवात अशी आहे. आमच्या रिहे गावात भाताची लावणी आम्ही अजून सावडीने करतो. आज सगळ्याजणी एकीच्या खाचरात, उद्या दुसरीच्या. पाळ्या मी लिहून ठेवते. मंगळवार चुलतसासूंचा होता. बायका येण्याआधी ट्रॅक्टरने चिखल झाला नाही तर पाळी थेट शेवटी, नऊ दिवसांनी. त्यांचं रोप आधीच महिन्याच्या वर गेलेलं, आणखी थांबलं तर फुटवा, म्हणजे बुंध्याशी नवे कोंब, धरणार नव्हतं. घरी त्या एकट्या. वर्षभराचा तांदूळ त्याच दोन खाचरांतून येतो.

आदल्या दिवशी आमचा ट्रॅक्टर शेजाऱ्यांच्या चिखलात बंद पडला तो पुन्हा सुरूच झाला नाही. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढावा लागला. संध्याकाळी बॅटरी घरच्या चार्जरवर लावली. सकाळी तो लगेच सुरू झाला, पण चार्जिंगची लाल बत्ती मिणमिणत राहिली.

"डायनामो गेला," दीर म्हणाले. "नवा आणाया पिरंगुटला जावं लागंल, वहिनी."

"दुकान उघडंस्तवर हितं बायका येतील," चुलतसासू बांधावरून म्हणाल्या. "अन् तू तितं च्या पीत बसशील."

मी वहीत यादी केली आणि एकेक पाहत गेले. पट्टा अंगठ्याने दाबला. बोटभर दबला, ठीक. बॅटरीच्या टोकांवर हिरवट थर होता. गरम पाण्याने धुतला, घासला. बत्ती तशीच. मग इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला. बारा पॉइंट तीन व्होल्ट. चौदाच्या आसपास हवेत. मीटरची एक तार अल्टरनेटरच्या, म्हणजे दिरांच्या डायनामोच्या, मागच्या बोल्टला आणि दुसरी त्याच्याच अंगाला लावली तर चौदा पॉइंट दोन!

"भावजी, हा वीज करतोय. बॅटरीपर्यंत पोचत नाही."

"मंग जाती कुटं?" चुलतसासूंनी विचारलं.

बॅटरीकडे जायची वायर दिरांनी शेवटपर्यंत चाचपली, धड होती. उरली परतीची वाट. अल्टरनेटर ज्या लोखंडी पट्टीवर बसतो, तिच्यातून इंजिनात आणि तिथून बॅटरीत. मी पट्टीकडे बघितलं. तांबडी, चकचकीत.

जत्रेत पाण्याचा टँकर ओढायचा म्हणून आम्ही ट्रॅक्टर रंगवला होता. वरवर रंग द्यायचा नाही, असं मीच दिरांना बजावलं होतं. अल्टरनेटर उतरवून पट्टीला मागूनपुढून दोन हात दिले, बोल्टही रंगवायचे सोडले नाहीत. वहीत त्या कामापुढे बरोबरची खूण आहे. रंगातून वीज जात नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. जत्रेनंतर ट्रॅक्टर फारसा चालला नाही, म्हणून इतके दिवस कळलंही नाही.

"म्हंजी तुज्या नीटनेटकेपणापायी माजं भात अडलं व्हय?"

"वहिनी, ह्ये बी वहीत लिवा," म्हणत दीर कानस शोधायला पळाले.

सगळं खोलायला वेळ नव्हता. अल्टरनेटरच्या अंगावरच्या एका बोल्टाखालचा रंग खरवडला आणि तिथून एक जाड वायर थेट बॅटरीच्या उणे टोकाला जोडली. बत्ती विझली. बॅटरीवर तेरा पॉइंट नऊ.

पावणेनऊला ट्रॅक्टर खाचरात उतरला. तासाभराने दिरांनी तो भर चिखलात मुद्दाम बंद केला.

"येडा झाला का रं!" चुलतसासू ओरडल्या.

दिरांनी किल्ली फिरवली. ट्रॅक्टर पहिल्या फटक्यात सुरू झाला. चुलतसासू रोपाच्या मुठी बांधावर मांडायला लागल्या. बायका आल्या तेव्हा पहिलं खाचर तयार होतं. दुपारपर्यंत दुसरंही लावून झालं.

आता ते भात पोटरीत आलंय, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात, आणि फुटवा आमच्या भातापेक्षा दाट आहे. त्या मंगळवारच्या पानावर शेवटची ओळ अशी: लावणी उरकली की पट्टी उतरवून मागचा रंग घासणे. लावणी कधीच उरकली. जादा वायर इमानाने काम करतेय, त्यामुळे दर रविवारी दुसरंच काही निघतं. चुलतसासू येता-जाता विचारतात, "घासलास का गं रंग?" अजून नाही.