तीस इंचांचा बो

“हा बो मी तुम्हाला देणार नाही, सर.”

सुजाता भालेराव असं म्हणाली तेव्हा तो बो, म्हणजे ते धनुष्य, अजून माझ्या हातातच होतं. भिंगारच्या बाजारात तिचं आर्चरीच्या सामानाचं दुकान आहे. वय तिशीच्या आसपास. गेल्या अर्ध्या तासात मी त्या बोमध्ये सात दोष काढले होते. रंग भडक, ग्रिप जाड, वॉरंटी तोकडी. माझे वडील घोडेगावच्या बैलबाजारात दलाली करायचे. जी जोडी घ्यायची तिलाच नावं ठेवायची, हे मी त्यांच्याकडून शिकलो. पण इथे भावाचा विषय निघण्याआधीच दुकानदारीण नाही म्हणत होती.

“का? माझे पैसे खोटे आहेत?”

“पैसे खरेच असणार. बो तुमच्या मापाचा नाही.”

“पोरी, तू शाळेत होतीस तेव्हा मी स्टेट खेळत होतो.”

“माहितीये ना, सर. म्हणून तर चहा सांगितलाय.”

चहा आला. राग होताच, पण उठून जाण्यासारखी परिस्थिती नव्हती. केडगावच्या पुढे एका निवासी शाळेला कंपाउंड आर्चरीचा कोच हवा होता. मुख्याध्यापक म्हणाले, “सर्टिफिकेटं सगळेच आणतात. तुम्ही मैदानावर मारून दाखवा. पन्नास मीटर, छत्तीस बाण.” मला पंधरा दिवस मिळाले होते, हे मी सुजातालाही आल्याआल्या सांगितलं होतं. वय त्रेपन्न. आता नाही जमलं तर पुन्हा कोणी बोलावणार नव्हतं. आणि माझ्याकडे बोच नव्हता.

तो का नव्हता, हे सांगावं लागेल. नऊ वर्षांपूर्वी राज्याच्या निवड चाचणीत एक सिलेक्टर सगळ्यांसमोर मला म्हणाला, “मागं झुकतोस. आधी सरळ उभं राहायला शीक.” मी बांबूच्या धनुष्यापासून सुरुवात केलेला माणूस. कोणाच्या शिफारशीवर वर आलो नव्हतो. मी त्याला चार शब्द सुनावले आणि मैदान सोडलं. आठवड्याच्या आत राहुरीच्या एका पोराला बो विकला, तोही घेतला त्यापेक्षा चढ्या भावाने. पुढे नऊ वर्षं शेततळ्यांत अंथरायचा प्लास्टिकचा कागद विकला. धंदा बरा चालला. पण तो सिलेक्टर डोक्यातून गेला नाही.

कंपाउंड बोच्या दोन्ही टोकांना चाकं असतात, त्यांना कॅम म्हणतात. दोरी खेचताना आधी पन्नास पौंडांचं ओझं लागतं. कॅम फिरले की ते एकदम दहा-बारा पौंडांवर येतं आणि नेम शांतपणे धरता येतो. पण तिथे दोरी थांबते, आणखी मागे येत नाही. हा थांबा कुठे आहे त्याला ड्रॉ लेंग्थ म्हणतात. चप्पल पायाच्या मापाची लागते, तशी ही हाताच्या मापाची लागते. माझ्या वेळी ती कॅममध्येच ठरलेली असायची. बदलायची तर नवे कॅम आणा, बो मशीनमध्ये दाबून उघडा. आता कॅमवर एक छोटा तुकडा असतो. अ‍ॅलन कीने दोन स्क्रू सैल करायचे, तुकडा सरकवायचा, माप बदललं. दोन मिनिटांचं काम. सुजाताने ते करून दाखवलं तेव्हा मी तोंड वाकडंच ठेवलं होतं. पण मनात म्हटलं, काय डोकं लावलंय लेकाच्यांनी!

मी निवडलेला बो मात्र मोठ्या कॅमचा होता. लांब खेच, जास्त वेग. तो साडेएकोणतीसच्या खाली येतच नव्हता.

“मला तीसच लागतो,” मी म्हणालो. “आयुष्यभर तीसवर खेळलोय.”

तिने एक हलका बो आणला आणि त्यावर इंचांच्या खुणा केलेला बाण चढवला. “खेचा. सोडू नका हं.” मी खेचला. तिने खूण वाचली. “साडेअठ्ठावीस.”

“पुन्हा बघ.”

“साडेअठ्ठावीस.”

तिसऱ्यांदा मी छाती फुगवून खेचला. ती हसली. “सर, छाती फुगवून हात लांब होत नाही. बरं, तीस कुणी मोजलं होतं तुमचं?”

कोणी नाही. पुण्यात एका विक्रेत्याकडे कोणी तरी ऑर्डर देऊन न नेलेला बो पडून होता. तीस इंच, पक्क्या मापाचा. मी तीन दिवस त्याच्या दुकानात ठाण मांडून तो जवळजवळ अर्ध्या भावात उचलला होता. ही हकीकत मी आजवर पन्नास जणांना ऐकवली असेल. तिलाही ऐकवली, अगदी रंगवून.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या डाव्या हाताकडे बोट केलं. कोपराच्या खाली एक जुना काळपट वळ आहे. “दोरी लागायची ना इथे? आणि बाण डावीउजवीकडे पांगायचे?”

“वारा असायचा.”

“हॉलमध्ये पण?”

आता माझा तोल गेला. मी उठलो. दाराशी जाऊन एक चप्पल पायात घातली आणि नऊ वर्षं जपून ठेवलेला पुरावा तिच्यापुढे टाकला. “बोमध्ये खोट असती तर राहुरीचा तो पोरगा त्याच बोवर पुढच्या वर्षी महाराष्ट्राच्या टीममध्ये गेला असता का? तोच बो! त्याला घेतलं, मला नाही. हा पक्षपात नाही तर काय?”

“त्या खेळाडूची उंची किती हो?” तिने विचारलं.

“असेल सहा फूट, दोन-तीन इंच.”

एका दोरीला मेण लावायचं काम अर्धवट राहिलं होतं, ते तिने पुन्हा हातात घेतलं. मी पाच फूट दहा इंच. एक चप्पल पायात, एक बाहेर, असा मी उभा होतो. दीड इंच. तेवढ्या दीड इंचासाठी मी मागे झुकत होतो, कारण त्याशिवाय ती दोरी थांब्यापर्यंत येतच नव्हती.

दुसरा कोणी दुकानदार असता तर त्याने हा विजय साजरा केला असता. मी तर केलाच असता. ती फक्त म्हणाली, “आत या, सर. तुमचा बो दाखवते.”

तो मधल्या भावाचा होता. रंग साधा काळा. कमी नफ्याचा माल स्वतःहून पुढे करणारा माणूस मी बाजारात फारसा पाहिलेला नाही. तिने माप लावलं आणि दुकानामागच्या बोळात, ताणलेल्या कागदातून माझ्याकडून बाण मारून घेतले. बाण सरळ निघाला तर कागदाला स्वच्छ भोक पडतं, वाकडा निघाला तर कागद फाटतो. फाटलेला कागद उजेडात धरायची, बाणाचा टेकू केसभर सरकवायची, पुन्हा मारायला लावायची. असं अकरा वेळा. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि खाली पान्यांची रांग, प्रत्येक पान्याची जागा रंगाने आखलेली. तिचे वडील लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. “पप्पा म्हणायचे, आधी माप, मग पाना.” बाराव्या बाणाला भोक गोल पडलं. माझी पाठ सरळ होती. दोरी हाताला लागली नव्हती.

“वेग कमी आहे,” मी सवयीने म्हणालो.

“मुख्याध्यापक वेग मोजणार आहेत का?”

भावात तिने एक रुपया सोडला नाही. मी अडून बसलो, तेव्हा तिने मैदानावरच्या दोन सकाळी देऊ केल्या. मी चार मागितल्या. तीनवर सौदा ठरला. तिन्ही दिवस ती सहाला हजर होती आणि माझ्यामागे उभी राहून एकच वाक्य बोलत होती, “झुकलात, सर.” तेच शब्द. तिच्या तोंडून ते ऐकताना मला राग येत नव्हता, याचं मलाच नवल वाटत होतं.

शाळेच्या मैदानावर पहिला बाण दहापैकी सातच्या वर्तुळात गेला. उरलेल्या पस्तीसांत आठच्या खाली एकही नव्हता. मुख्याध्यापक म्हणाले, “सोमवारपासून या.”

आता माझ्याकडे अकरा मुली आहेत. बो सुजाताकडूनच येतात. मुलीचं माप घेतल्याशिवाय मी भावाचा विषय काढत नाही. काढला की मग सोडत नाही.

सिलेक्टरचा नंबर माझ्याकडे आहे. फोन केलेला नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं, पण झुकणारा माणूस दिसला की त्याचा बो मोजायचा असतो, हे त्यालाही कळायला हवं होतं.