स्पर्धेची फी

बीडला आमच्या क्लासखाली एका गृहस्थांचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. बोलताना ते समोरच्याकडे बघत नाहीत, कॅरमचा स्ट्रायकर शर्टाला पुसत राहतात आणि शेवटी "काय म्हणता?" विचारतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. हे दुकानदारही मला "कॉलेजवाले" म्हणून सल्ला विचारतात, त्याची मला धास्ती वाटते.

त्यांच्या दुकानातल्या रविवारच्या कॅरम स्पर्धेला फी नको, हे मीच सुचवलं होतं. सोळा जणांनी नावं दिली आणि नऊच आले. एका रिक्षावाल्या काकांना जोडी उरली नाही, म्हणून दुकानदार स्वतःच त्यांच्यासमोर खेळायला बसले. तेवढ्यात आलेली गिऱ्हाईकं ताटकळून परत गेली.

"फुकटात नाव द्यायला काय जातंय लोकांचं? असंच चाललं तर स्पर्धा बंदच करावी लागंल. वीस रुपये घेऊ का न्हाई, कॉलेजवाले? काय म्हणता?"

"घ्या," मी चाचरत म्हणालो.

पुढच्या रविवारी पैसे भरलेले सगळे वेळेवर आले. रिक्षावाले काका मात्र फीची पाटी वाचून दारातूनच फिरले.

दुकानदारांचा स्ट्रायकर पुसणारा हात थांबला. त्यांनी पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं. या वेळी "काय म्हणता?" विचारलं नाही.