नवऱ्याच्या मागे सहा मिनिटं

दुर्गदबैलच्या बाजारात हेरवाडकरांचं खणांचं दुकान आहे. पाटी यशवंतरावांच्या नावाची, पण गिऱ्हाईक पायरीवरूनच विचारतं, "सुशीलाक्का हाईत का?" यशवंतराव दुकानात नसतात असं नाही. ते पेपर वाचतात, येणाऱ्याजाणाऱ्याला राजकारण समजावतात आणि तासातासाला चहा सांगतात. कुठला खण कुठल्या गठ्ठ्यात आणि कुठल्या नवरीच्या आईला काय दाखवायचं, हे मात्र एकाहत्तर वर्षांच्या सुशीलाबाईंनाच ठाऊक.

गेल्या महिन्यात माळ्यावरचा गठ्ठा घेऊन शिडी उतरताना बाईंना धाप लागली, आणि तीही नेमकी मुलाच्या, विनायकच्या डोळ्यांदेखत. त्याने तिथल्या तिथे निकाल दिला. "देशपांडे नगरातल्या दवाखान्यात चालण्याची तपासणी करतात. रिपोर्ट बरा आला तर दुकान. नाहीतर आई, घरी बसायचं."

घरी बसायचं म्हणजे गल्लीतल्या बायकांबरोबर कट्ट्यावर सुनांची उणीदुणी काढायची. सुशीलाबाईंची सुनेबद्दल फारशी तक्रारही नव्हती. मग त्या तिथे बोलणार तरी काय? तीन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही.

तपासणीला सून स्वाती बरोबर निघाली आणि न बोलावता यशवंतरावही निघाले.

तपासणारी सोनाली नावाची तरुण मुलगी होती. तिने बाईंच्या बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावला, थोडा वेळ शांत बसवलं आणि मग लांब कॉरिडॉर दाखवला. "अक्का, या पिवळ्या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत जायचं-यायचं. सहा मिनिटं. पळायचं नाही, पण जमेल तेवढं भरभर."

"एवढंच?" म्हणत बाईंनी पदर खोचला.

तेवढ्यात यशवंतराव उठले. "बसून कंबर धरली. मीही मारतो दोन फेऱ्या."

"मारा की," सोनाली म्हणाली. तिचं अजून लग्न झालेलं नव्हतं, तिला काय कल्पना.

यशवंतराव चालतात ते हात पाठीशी बांधून, पोटाला पुढची वाट दाखवायला लावून. भिंतीवरचं गुडघ्याचं चित्र त्यांनी प्रत्येक फेरीत नव्याने वाचलं. आणि सुशीलाबाई दोन पावलं मागे, ते थांबले की थांबत.

सहा मिनिटं संपली. "दम किती लागला? शून्य ते दहामध्ये सांगा."

"बाकीच्या बायका किती सांगतात?"

"त्यांचं राहू दे, तुमचं सांगा."

"मग दोन घाला. जास्त नको, विनायक वाचेल."

सोनालीने आकडेमोड केली आणि कपाळाला आठी घातली. "दोनशे अठ्ठावीस मीटर. ठोके वाढलेत, पण अंतर काही कापलं गेलेलं नाही. एकेका मीटरला हृदयाला फार खर्च पडतोय."

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे दुकान बंद?"

"पाय दुखले का? छातीत भरून आलं?"

"नाही."

"मग भरभर का नाही चाललात?"

"पुढे हे होते ना."

सोनालीला कळेना. "मग बाजूने पुढे निघून जायचं."

"यांच्या?"

स्वातीने तोंड भिंतीकडे फिरवलं, पण खांदे हलत होते. शेवटी तिला राहवेना. "मॅडम, आत्याबाई एकट्या निघाल्या की मला मागून धावावं लागतं. मामंजी बरोबर असले की मात्र ह्या मागे. बावन्न वर्षांत एकदा ओव्हरटेक नाही."

"मी कधी सांगितलं मागे राहा म्हणून?" यशवंतराव म्हणाले.

"तुम्ही नाही, तुमच्या आईंनी. लग्न झालं त्या दिवशी."

"तिला जाऊन तीस वर्षं झाली."

"नंतर कुणी बदलून नाही सांगितलं."

सोनालीने बाईंना अर्धा तास विश्रांती दिली आणि यशवंतरावांना खुर्ची. उठायचं नाही, अशी ताकीदही दिली. पहिल्या फेरीत बाईंनी दोनदा खुर्चीकडे चोरून पाहिलं. दुसऱ्या फेरीपासून नुसती लुगड्याची सळसळ. वाटेत आलेली एक नर्स तर भिंतीला चिकटून उभी राहिली.

चारशे आठ मीटर.

"ठोके जवळजवळ मघाचेच, आणि अंतर पावणेदोनपट," सोनाली हसली. "दम किती?"

"आता चार घाला. आता कशाला लपवू?"

"काही बिघडलेलं नाही, अक्का. शिडी आणि गठ्ठा तेवढा सोडा, तिथे माझ्यासारखीलाही धाप लागेल. रोज अर्धा तास असंच चालायचं. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढ्या वेगाने."

"दुकानापर्यंत चाललं तर?"

"चालेल की."

बाई खुर्चीत टेकल्या, बाटलीभर पाणी प्यायल्या आणि मगच त्यांनी स्वातीच्या फोनवरून विनायकला गाठलं. "रिपोर्ट बरा आहे. आलेच मी. आणि दुकानातल्या सविताला सांग, लाल काठाचे खण निळ्यांत घुसडलेत, मी येईपर्यंत हात लावू नकोस म्हणावं."

इकडे यशवंतरावांनी खाकरून विचारलं, "मॅडम, मघाशी माझे किती मीटर झाले?"

"तुम्ही पुढे होतात, म्हणजे दोनशे तीस धरा."

सोनालीने बाईंच्या बोटाचा चिमटा काढला आणि यशवंतरावांच्या बोटाला लावला. "बसा, अण्णा. आता तुमचं बघू."

"बघा नीट," सुशीलाबाई उठल्या. "यांना वेळ लागेल. मी होते पुढे."

स्वाती चपला शोधेपर्यंत बाई जिना उतरून रस्त्याला लागल्या होत्या.